नोड मेला, पुढे काय?

डेटाबेस म्हटलं की आपल्याला लॅबमधला एकुलता एक सर्व्हर आठवतो. तो बसला की प्रॅक्टिकल रद्द! कॅसँड्राचं तसं नाही. फेसबुकमध्ये अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी बनवलेला आणि २००८ मध्ये ओपन सोर्स झालेला हा डेटाबेस अनेक मशीन्सवर पसरलेला असतो. प्रत्येक मशीन म्हणजे एक नोड. सहसा प्रत्येक डेटाच्या तीन कॉपी तीन नोड्सवर ठेवतात आणि तिघांपैकी दोघांनी उत्तर दिलं की काम भागतं. त्यामुळे एक नोड गेला तरी युजरला पत्ता लागत नाही. पण त्याच तिघांतला दुसराही गेला तर मग बोंब!

नोड नुसता रीबूट होत असेल तर घाई नको. लेक्चर बुडवणाऱ्या रूममेटसाठी आपण नोट्स काढतो ना, तसे बाकीचे नोड त्याच्यासाठी 'हिंट्स' साठवतात. मात्र डिफॉल्ट सेटिंगला तीनच तास! त्याहून उशीर झाला तर परत आल्यावर रिपेअर चालवावा लागतो.

डिस्कच गेली असेल तर नवं मशीन आणायचं. कॅसँड्राचं व्हर्जन तेच, डेटा डिरेक्टरी रिकामी, आणि पहिल्यांदा चालू करताना 'रिप्लेस अ‍ॅड्रेस फर्स्ट बूट' या ऑप्शनला मेलेल्या नोडचा आयपी द्यायचा. मग नवा नोड त्याची टोकन्स, म्हणजे रिंगमधला त्याचा वाटा, स्वतःकडे घेतो आणि जिवंत नोड्सकडून डेटा ओढतो. फक्त त्याला स्वतःच्या सीड लिस्टमध्ये टाकू नका, सीड नोड असा डेटा ओढत नाही.

खरा डेंजर प्रकार म्हणजे महिनाभर बंद असलेला नोड कुणीतरी हौसेने चालू करणं. कॅसँड्रात डिलीट केलेला डेटा लगेच पुसला जात नाही, त्यावर 'टूमस्टोन' बसतो. टूमस्टोन म्हणजे थडग्यावरचा दगड (हा शब्द आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना आजीला विचारावा लागतो). डिफॉल्टप्रमाणे दहा दिवस उलटले की साफसफाईत तो दगडही जाऊ शकतो. आता समजा कुणी आपला पत्ता साइटवरून काढला. तेव्हा बंद असलेल्या नोडवर तो पत्ता तसाच आहे, आणि डिलीट झाल्याची खूण आता कुठेच नाही. रिपेअरला वाटतं, बाकीच्यांकडूनच हा पत्ता राहून गेला! मग तो सगळीकडे पुन्हा कॉपी होतो. याला झोंबी डेटा म्हणतात.

म्हणून दहा दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलेल्या नोडचा डेटा आधी पूर्ण पुसायचा, आणि मशीन चांगलं असलं तरी त्याला नवा नोड समजूनच आत घ्यायचं, हवं तर त्याच आयपीवर.