आत्मनिर्देश व व्याप्ती

वस्तुकेंद्री संगणकभाषेत एखादी मेथड ज्या वस्तूसाठी चालू असते, त्या वस्तूचा त्याच मेथडच्या आतून केलेला उल्लेख म्हणजे आत्मनिर्देश होय. एखादे नाव आज्ञावलीच्या ज्या भागात ओळखले जाते, तो भाग म्हणजे त्या नावाची व्याप्ती. व्याप्ती सामान्यतः नाव कोठे लिहिले आहे यावरून ठरते. आत्मनिर्देशाचा अर्थ मात्र मेथड कोणत्या वस्तूमार्फत बोलावली यावरून, आज्ञावली चालू असतानाच ठरतो. ‘वऱ्हाड’ हे नाव कोठूनही उच्चारले तरी प्रदेश एकच. ‘येथील कापूस’ हे शब्द मात्र अमरावतीत एका मालाचे व अकोल्यात दुसऱ्या मालाचे दर्शक होतात.

समजा, ‘बाजार’ या वर्गात ‘साठा’ हा गुणधर्म व ‘आवक’ ही मेथड असून ‘अमरावती’ आणि ‘अकोला’ या त्या वर्गाच्या दोन वस्तू आहेत. ‘आवक’ एकदाच लिहिलेली असते. ‘अकोला’मार्फत २० क्विंटलांसाठी ती बोलावली असता अकोल्याचाच साठा वाढतो. त्या आवकेचे वजन धारण करणारा स्थानिक चल मेथडबाहेर अज्ञात असतो.

स्मॉलटॉकमधून रूढ झालेला ‘सेल्फ’ हा शब्द पायथॉनमध्ये (१९९१) राखीव नाही. मेथडच्या पहिल्या प्राचलाचे ते केवळ संकेताने ठरलेले नाव आहे. त्यामुळे त्यास व्याप्तीचे सर्वसाधारण नियम लागू पडतात आणि मेथडमध्ये लिहिलेल्या अंतर्गत फंक्शनलाही तो दिसतो. उलट, वर्गात थेट दिलेली नावे मेथडमध्ये नुसती लिहून चालत नाहीत. ती ‘सेल्फ’मार्फत किंवा वर्गाच्या नावाने घ्यावी लागतात. नवशिक्यास हे विचित्र वाटते.

जावास्क्रिप्टमधील (१९९५) ‘धिस’ हा राखीव शब्द असून त्याची तऱ्हा वेगळी आहे. ‘आवक’मध्ये प्रत्येक गाडीसाठी चालणारे साधे अंतर्गत फंक्शन लिहिल्यास त्याला बाहेरचे स्थानिक चल दिसतात, परंतु त्यातील ‘धिस’ म्हणजे ‘अकोला’ राहत नाही. २००९ च्या मानकातील काटेकोर प्रकारात आज्ञावली चूक दाखवून थांबते. सैल प्रकारात ‘धिस’ सार्वत्रिक वस्तूकडे वळतो. गाडीमागून गाडी मोजली जाते आणि अकोल्याचा साठा होता तेवढाच राहतो. कोणतीही सूचना न मिळाल्याने हिशेबाच्या कामी ही चूक अधिक घातक होय. पूर्वी यावर उपाय म्हणून ‘धिस’चे मूल्य आधीच एखाद्या साध्या चलात ठेवीत, २०१५ च्या मानकात आलेली बाण-फंक्शने बाहेरचाच ‘धिस’ वापरतात. रूबी भाषेतील ब्लॉक सर्वसाधारणपणे बाहेरचा ‘सेल्फ’ व बाहेरचे चल दोन्ही राखतो, तर नवी मेथड सुरू होताच बाहेरचे स्थानिक चल दिसेनासे होतात.