निरक्षर आईबापांचा मुलगा आणि शून्याजवळची प्रयोगशाळा

विज्ञानातले नोबेल म्हटले की पुस्तकांनी भरलेले घर आणि पिढ्यान्‌पिढ्यांची विद्वत्ता, असे चित्र आपल्यापुढे उभे केले जाते. १९९८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या तिघांपैकी डॅनियल त्सुई या चित्रात कुठेच बसत नाहीत.

१९३९ साली चीनच्या हेनान प्रांतातील एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. दुष्काळ, पूर आणि युद्ध यांतच बालपण गेले. आईवडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. मात्र निरक्षरतेपायी आपण जे सोसले ते मुलांच्या वाट्याला येऊ द्यायचे नाही, हा त्यांचा निर्धार होता. १९५१ साली त्यांनी मुलाला शिकायला दूर हाँगकाँगला धाडले. तेथून १९५८ साली तो पूर्ण शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील एका लहानशा कॉलेजात गेला. १९६७ साली शिकागो विद्यापीठाची पीएच.डी. घेतली आणि पुढे बेल प्रयोगशाळेत दाखल झाला.

या माणसाने मोजले काय? दोन अर्धवाहकांचे थर एकमेकांवर चढवले की त्यांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉन अडकतात. त्यांना वर-खाली हलता येत नाही, फक्त पसरता येते. एरवीच्या उष्णतेत अणू थरथरतात आणि इलेक्ट्रॉनांना सतत धक्के देतात. ही थरथर शमवायची तर कमालीची थंडी लागते. ती द्रवरूप हेलियम देते. हेलियम उणे २६९ अंश सेल्सिअसला उकळतो. मग प्रबळ चुंबकात नमुना ठेवून लांबीच्या दिशेने वीज सोडायची आणि आडवा दाब मोजायचा.

१९८० साली जर्मनीच्या क्लाऊस फॉन क्लिट्झिंग यांना या मोजमापात पायऱ्या आढळल्या. रोध २५,८१२.८०७ ओहम भागिले पूर्णांक, एवढाच येत होता. नमुना कोणाचाही असो, आकडा तोच! त्सुई आणि हॉर्स्ट श्टोर्मर यांनी अधिक शुद्ध स्फटिक घेतला आणि तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम अर्ध्या अंशापर्यंत उतरवले. तेव्हा या आकड्याच्या तिप्पट रोधावर नवी पायरी दिसली, जणू इलेक्ट्रॉनाच्या एक तृतीयांश भाराचे कण वावरत होते! इलेक्ट्रॉन फुटलेला नव्हता. सारे इलेक्ट्रॉन मिळून एक नवा द्रव बनला होता. हा उलगडा रॉबर्ट लॉफलिन यांनी १९८३ साली केला. नोबेल या तिघांना मिळाले. स्फटिक घडवणारे आर्थर गोसार्ड यांचे नाव १९८२ च्या शोधनिबंधावर आहे, पारितोषिकाच्या यादीत नाही. घडवणाऱ्या हातांच्या वाट्याला नेहमी असेच का यावे?

त्सुई बुद्धिमान होतेच. पण शिष्यवृत्ती मिळाली नसती तर ती बुद्धी हेनानच्या शेतात राबत संपली असती. शिष्यवृत्तीला उपकार म्हणणाऱ्यांनी आणि ती महिनोन्‌महिने रखडवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तिच्याअभावी किती शोध मातीत गेले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

द्रवरूप हेलियमच्या थंडीत अशी मोजमापे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही होतात. आपल्या वस्तीतील मुलगी दहावीला चांगले गुण मिळवते, तेव्हा आपण तिला डॉक्टर किंवा कलेक्टर हो म्हणतो. ते योग्यच आहे. पण तिला प्रयोगशाळेचाही रस्ता दाखवा. आईबाप शिकलेले नाहीत, ही सबब तिथे कोणाला सांगू देऊ नका. त्सुईंचेही शिकलेले नव्हते.