पडण्याचा वेग

हेल्मेटची चाचणी कशी घेतात ते कळलं की आधी थोडी निराशाच होते. धातूच्या कृत्रिम डोक्यावर हेल्मेट चढवतात, पट्टा आवळतात आणि ते वरून लोखंडी ऐरणीवर सोडतात. युरोपच्या आधीच्या २२.०५ या मानकात आपटतानाचा वेग सेकंदाला साडेसात मीटर होता, म्हणजे ताशी २७ किलोमीटर. तीन मीटरपेक्षाही कमी उंचीवरून पडणं एवढाच त्याचा अर्थ. शंभराच्या पुढे सहज पळणाऱ्या गाड्यांच्या स्वारांसाठी एवढीच परीक्षा?

दुचाकीवर बसलेल्या माणसाचं डोकं रस्त्यापासून साधारण दीड मीटरवर असतं. तिथून ते नुसतं खाली आलं, तरी डांबराला टेकताना त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर भरतो. गाडी ताशी वीसने चालली होती की ऐंशीने, याने या खाली येण्यात फरक पडत नाही. वेगात असलेल्या गाडीला खांब, दुभाजक, समोरचा ट्रक हे धोके जास्त, त्यांचा मार कितीतरी मोठा, हे खरंच. पण डोक्यासाठी रस्ता खाली तेवढाच लांब असतो. वाळूवर चाक घसरलं, खड्डा चुकवताना हँडल वळलं, कुत्रं आडवं आलं की झालं. म्हणून ‘इथल्या इथे तर जायचंय’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. हेल्मेट ज्या वेगाला तपासलेलं असतं, तो वेग आपल्या गल्लीतलाच आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९, आणि त्यांत मागे बसलेले १४,३३७. हा शेवटचा आकडा लक्षात असू द्या.

डोक्याच्या या हिशोबाकडे वैद्यकाचं लक्ष वळलं ते एका प्रसिद्ध अपघातामुळे. मे १९३५ मध्ये इंग्लंडातल्या डॉर्सेटमध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना आपल्या ब्रॉ सुपीरिअर मोटरसायकलवरून फेकले गेले. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी ते गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे युद्ध सुरू झाल्यावर केर्न्स यांनी निरोप पोचवणाऱ्या लष्करी मोटरसायकलस्वारांच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेख लिहिला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटरसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक मेले होते. हेल्मेट घालून जखमी झालेले मात्र केर्न्स यांना सातच सापडले, आणि सातही वाचले होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने कामावरच्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य ब्रिटिश नागरिकावर ही सक्ती यायला १९७३ उजाडलं. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध निघालेले मोर्चे पाहिलेल्यांना या दिरंगाईचं नवल वाटणार नाही.

हेल्मेटची खरी कामगिरी बाहेरच्या चकचकीत कवचाची नसून आतल्या थर्माकोलची आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स लोंबार्ड आणि सहकाऱ्यांना १९५३ मध्ये चिरडल्या जाणाऱ्या अस्तराच्या हेल्मेटचं पेटंट मिळालं, तिथून आजच्या हेल्मेटची जात सुरू होते. एखादं हेल्मेट उभं कापून पाहिलं तर तीन थर दिसतात. बाहेर फायबर किंवा प्लास्टिकचं पातळ कवच, मध्ये बोटभर जाडीचं दाबून बसवलेलं थर्माकोल आणि आत गालाला लागणारी मऊ गादी. डोकं आपटतं तेव्हा थर्माकोलचे बारीक मणी चिरडतात, डोकं थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात आणि मेंदूला बसणारा धक्का कमी होतो. चिरडलेले मणी पुन्हा फुगत नाहीत. म्हणूनच जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी ते संपलेलं असतं आणि दुसऱ्याचं वापरलेलं हेल्मेट कधी घेऊ नये. थर्माकोल फार कडक असेल तर हलक्या आपटण्यात ते चिरडतच नाही. २२.०६ या नव्या मानकात जास्त वेगाबरोबर कमी वेगाचीही चाचणी आहे, त्यामागे हेच कारण. तिरकं आपटल्यावर डोक्याला बसणारा पिळाही त्यात मोजला जातो.

आपल्याकडे १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, मानक आयएस ४१५१. तरी महामार्गाच्या कडेला दोरीवर टांगलेली हेल्मेटं विकली जातातच, आणि खोटं चिन्ह छापायला खर्च येत नाही. चिन्हाखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते समोर येतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे, लाजू नये. नावाजलेलं हेल्मेट परदेशीच असतं असंही नाही. ‘वेगा’ या हेल्मेट कंपनीचा कारखाना आपल्या शेजारी बेळगावात आहे.

मापाच्या बाबतीत मात्र दुकानदाराचं ऐकू नये. पुण्यात नाना पेठेत किंवा कुठेही गेलात तरी ‘साहेब, वापरून सैल होतं’ आणि ‘घट्ट वाटतं तर एक साइझ मोठी घ्या’ ही दोन्ही वाक्यं एकाच काउंटरवर ऐकू येतात. पहिलं थोडं खरं आहे, दुसऱ्याने घात होतो. भुवयांच्या किंचित वरून टेपने घेर मोजावा. हेल्मेट घातल्यावर गाल थोडे वर ढकलले जायला हवेत. हनुवटीकडून धरून डावी-उजवीकडे हलवलं तर गालाची कातडीही सोबत सरकली पाहिजे. मग पट्टा लावून मागच्या कडेला हात घालून ते पुढे ओढावं. डोक्यावरून निघालं तर अपघातातही निघणार. दहा-पंधरा मिनिटं तसंच घालून दुकानात फिरावं. कपाळावर एकाच जागी ठणकलं तर आकार आपल्या डोक्याचा नाही, कंपनी बदलावी. आणि पट्टा न लावलेलं हेल्मेट पोलिसापुरतंच असतं.

फुल फेस की हाफ फेस? जर्मनीत हॅनोव्हरच्या डिट्मार ऑटे यांनी अपघातग्रस्त हेल्मेटांवरच्या माराच्या जागा नोंदवल्या, तेव्हा जवळपास एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागात सापडला. मी तरी फुल फेसच सुचवेन. काळी काच रात्री लावू नये, एवढं पुरे.

आता अंगावरचे कपडे. ताशी पन्नासने जाताना माणूस गाडीवरून सुटला तर डांबरावर दोनएक सेकंद घसरत जातो. साधी जीन्स त्यातला पहिला सेकंदही टिकत नाही, पुढचं काम कातडी करते. ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी अपघात झालेल्या २१२ मोटरसायकलस्वारांचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. संरक्षक जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता २१ टक्क्यांनी, पँट घातलेल्यांना ५१ टक्क्यांनी आणि हातमोजे घातलेल्यांना ५९ टक्क्यांनी कमी होती. आपल्याकडे हौसेने खरेदी होते जॅकेटची. पँट दुकानातच राहते आणि हातमोजे थंडीपुरते! त्याच अभ्यासात सुमारे ३० टक्के जॅकेटं आणि २६ टक्के हातमोजे अपघातात फाटले वा निकामी झाले, हेही सापडलं. म्हणजे ‘रायडिंग’ असा शिक्का पुरेसा नाही.

तिथे लेबल वाचावं लागतं. युरोपच्या ईएन १७०९२ मानकात कपड्यांना एएए, एए आणि ए असे उतरते दर्जे आहेत. ‘बी’ दर्जात घर्षणाला टिकणारं कापड असतं, पण मार झेलणारे गार्ड नसतात. ‘सी’ म्हणजे नुसते गार्ड बसवलेली जाळी. कोपर-खांद्याच्या गार्डवर ईएन १६२१-१ आणि पुढे १ किंवा २ लिहिलेलं असतं. पहिल्या पातळीत सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर आत पोचलेला चालतो, दुसऱ्या पातळीत २० पर्यंतच. पाठीला मात्र पुष्कळ जॅकेटांत गार्डच्या जागी फोमचा तुकडा खुपसलेला असतो. अस्तराची चेन उघडून तो बाहेर काढून पाहावा. त्यावर काही छापलेलं नसेल तर तो फक्त जागा भरायला आहे.

एएए दर्जाचं जाड जॅकेट नागपूरच्या मे महिन्यात कोण घालणार? खुंटीवरच्या एएएपेक्षा अंगावरचं ए दर्जाचं जाळीदार जॅकेट मला रोजच्या वापराला पटतं. २०१८ पासून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये चालणारा ‘मोटोकॅप’ हा उपक्रम याच विचाराचा आहे. तो बाजारातून कपडे विकत घेऊन तपासतो आणि संरक्षणाइतकेच गुण उष्ण हवेतल्या सोयीलाही देतो. जॅकेट घेताना गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करून बघा. कोपराचा गार्ड दंडाकडे फिरला तर ऐन वेळी तो कोपरावर नसेल.

पैसे एकदम नसतात. आधी हेल्मेट, लगेच हातमोजे, मग घोटा झाकणारे बूट, त्यानंतर पँट आणि जॅकेट, असा क्रम मी लावेन. पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून तळव्याच्या मनगटाकडच्या भागावर कडक घसरपट्टी असलेले हातमोजे घ्यावेत. नुसत्या कापडावर तळवा रस्त्याला चिकटतो आणि मनगट मोडतं.

राहिले ते १४,३३७. मागे बसणाऱ्यासाठी घरात असतं ते जुनं, सैल, काच ओरखडलेलं हेल्मेट, ‘तुला चालेल’ म्हणून दिलेलं. त्याचं डोकं मात्र तेवढ्याच उंचीवर असतं. बायकोचं, आईचं हेल्मेट घेताना त्यांना दुकानात न्यावं, आणि केस रोज जसे बांधतात तसेच बांधलेले असावेत. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, ते पुढे कपाळावर सरकतं. खाली बांधलेली वेणी चालते.

नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम केला. मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, तो ३० किलो वजन पेलणारा असावा, आणि गाडी ताशी ४० किलोमीटरच्या आत चालवावी. हेल्मेट मुलाच्या डोक्याला बसणारं हवं. या वयासाठी प्रमाणित सायकल हेल्मेटही नियमात चालतं, आणि हलकं असल्याने लहान मानेला ते सोसतं. ‘पुढची दोन वर्षं होईल’ म्हणून मोठं घेऊ नये. सहा-आठ महिन्यांनी पुन्हा टेप लावून घेर पाहावा, आणि बदललेला दिसला तर लगेच दुसरं आणावं.