दोन उड्यांत उलटणारा चुंबक

गॅलियम आर्सेनाइडच्या पातळ पटलात काही टक्के मँगनीज मिसळलं आणि ते पटल पुरेसं थंड केलं, की ते चुंबक होतं. त्यातून वीज सोडायची, पटलाच्या प्रतलातच बाहेरचं चुंबकीय क्षेत्र लावून ते हळूहळू उलट दिशेला न्यायचं आणि आडव्या दिशेतलं व्होल्टेज पाहत बसायचं. बराच वेळ काही घडत नाही. मग काटा एकदम उडतो, थोडा वेळ तिथेच थबकतो आणि पुन्हा उडतो. टँग, कावाकामी, ऑशालोम आणि रूक्स यांनी २००३ साली कॅलिफोर्नियात हे मापन केलं, तेव्हा या उड्या धातूंच्या चुंबकांत तोवर दिसलेल्या उड्यांपेक्षा सुमारे दहा हजार पट मोठ्या होत्या.

पण आकड्यापेक्षा उड्या दोनच का, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो.

चुंबकाला सगळ्या दिशा सारख्या नसतात. काही दिशांना तो सहज वळतो, काहींना वळवायला ऊर्जा खर्चावी लागते. या गुणाला चुंबकीय विषमदिकता म्हणतात. लोखंडाच्या पातळ पटलात बहुतेक वेळा पटलाचा आकारच बाजी मारतो आणि चुंबकन प्रतलात आडवं पडतं. मँगनीजवाल्या गॅलियम आर्सेनाइडचं चुंबकन मात्र लोखंडाच्या काही शतांश एवढंच, त्यामुळे आकाराचा जोर फारसा चालत नाही. इथे सत्ता ताणाची. गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीवर वाढवलेलं पटल आडवं दाबलं जातं आणि चुंबकन सहसा प्रतलात राहतं. खालचा थर इंडियम मिसळलेला, म्हणजे अधिक ऐसपैस जाळीचा घेतला, तर पटल ताणलं जातं आणि चुंबकन उभं राहतं. जाळीतला हा फरक एका टक्क्याच्याही आत असतो.

प्रतलातही दोन गट भांडत असतात. स्फटिकाच्या चौकोनी जाळीमुळे एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन सोप्या रेषा मिळतात. दुसऱ्या गटाची, म्हणजे एकाच कर्णाला झुकतं माप देणारी विषमदिकता कुठून येते यावर बरीच वर्षं वाद होता. पटल वाढताना पृष्ठभागावर मँगनीजच्या जोड्या एका ठरावीक कर्णावर अधिक जुळतात, हे २०१२ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण मला पटतं. तापमान वाढलं की चौकोनी गटाचा जोर चुंबकनाच्या चौथ्या घातानं घटतो, तर कर्णाचा वर्गानंच. म्हणून थंडीत जाळीच्या कडांकडे बघणारं चुंबकन गरम होता होता कर्णाकडे वळतं.

आता त्या दोन उड्या. आडवं व्होल्टेज चुंबकनाच्या दिशेवर ठरतं, म्हणून ते वळलं की काटा उडतो. क्षेत्र उलटवलं तरी चुंबकन थेट १८० अंश फिरत नाही. आधी ते शेजारच्या सोप्या रेषेवर, ९० अंशांवर जातं आणि तिथे स्थिरावतं. क्षेत्र आणखी वाढलं की उरलेले ९० अंश. सगळं पटल एकसाथ वळत असतं, तर यासाठी बरंच मोठं क्षेत्र लागलं असतं. प्रत्यक्षात एखाद्या कोपऱ्यात किंवा दोषापाशी नवा डोमेन, म्हणजे नव्या दिशेच्या चुंबकनाचा प्रदेश, उगवतो आणि त्याची भिंत पटलभर सरकते. दाराची बिजागरी न उचकटता कडी काढावी, तसं हे कमी श्रमात होतं. वेल्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्येच प्रकाशाच्या साहाय्यानं या भिंती प्रत्यक्ष टिपल्या.

या पदार्थाचा जन्मही कष्टाचाच. १९८९ मध्ये मुनेकाता, ओहनो वगैरेंनी आधी इंडियम आर्सेनाइडमध्ये मँगनीज मिसळलं आणि १९९६ मध्ये ओहनोंच्या गटानं सेंदाईला गॅलियम आर्सेनाइडमध्ये. एरवी सहाशे अंशांच्या आसपास वाढवायचं पटल अडीचशे अंशांवर वाढवलं, तेव्हा कुठे मँगनीज जाळीत मावलं. नाहीतर ते वेगळं होऊन गठ्ठे धरतं. गॅलियमच्या जागी बसलेला प्रत्येक मँगनीज एक चुंबकीय आघूर्ण आणतो आणि सोबत एक होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. हे होलच दूरदूरच्या मँगनीजना एका दिशेला बांधतात. जागा चुकवून जाळीच्या फटींत शिरलेले अणू मात्र होल खाऊन टाकतात. तापवून त्यांना पृष्ठभागाकडे हाकललं की चुंबकत्व सुधारतं. होलची संख्या विद्युत् क्षेत्रानं बदलता येते, म्हणून गेटचं व्होल्टेज बदलून चुंबकत्व चालू-बंद करणं ओहनोंनी २००० मध्ये इंडियमवाल्या पदार्थात दाखवलं. २००८ मध्ये गॅलियमवाल्या पटलात चुंबकनाची दिशाही वळवली गेली.

खोलीच्या तापमानाचं स्वप्न मात्र हुकलं. चुंबकत्व टिकण्याची मर्यादा ११० केल्विनवरून सुरू होऊन २०० केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे ७३ अंशांशी अडकली. डीट्ल यांनी २००० मध्ये गॅलियम नायट्राइड आणि झिंक ऑक्साइडकडे बोट दाखवल्यावर जगभर ऑक्साइडांची झुंबड उडाली. आपले पुण्याचे सतीशचंद्र ओगले हेही तेव्हा मेरीलंडमध्ये होते. कोबाल्ट मिसळलेल्या टिन ऑक्साइडमधल्या चुंबकत्वावरचा त्यांचा निबंध २००३चा. ऑक्साइडांतलं चुंबकत्व खरोखर कुठून येतं, यावर पुढे मोठा वाद झाला.

मँगनीजवालं गॅलियम आर्सेनाइड बाजारात गेलं नाही म्हणून त्याला अपयशी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. विजेच्या प्रवाहातून, वाहकांच्या स्पिन आणि कक्षेच्या जोडणीमुळे, एक अंतर्गत चुंबकीय क्षेत्र निर्माण होतं आणि तेच चुंबकन वळवतं, हे २००९ मध्ये याच पटलात दिसलं. नॉटिंगहॅम आणि प्रागच्या, याच पदार्थावर हात बसलेल्या मंडळींनी ती युक्ती पुढे कॉपर मँगनीज आर्सेनाइड या प्रतिलोहचुंबकावर नेली. २०१६ मध्ये ती चालली, आणि तीही खोलीच्या तापमानाला.