टेस्टचा पसारा टेस्टपुरताच!

सबमिशन तोंडावर आलंय. हजेरीचा रिपोर्ट फाइलमध्ये लिहिणारा तुमचा प्रोजेक्ट तयार आहे आणि टेस्टही पास होतेय. पण तीच टेस्ट मैत्रिणीच्या लॅपटॉपवर फेल! असं का?

तुमच्या फोल्डरमध्ये कालची रिपोर्ट फाइल तशीच पडून असू शकते. आज कोडने काहीच लिहिलं नाही, तरी 'फाइल आहे का?' असं विचारणारी टेस्ट खुशाल 'हो' म्हणते. म्हणजे पास झाली ती कालची फाइल, आजचा कोड नव्हे. व्हायवाला हे उघड झालं तर?

मग टेस्टआधी सगळं डिलीट करायचं? जरा जपून! जानेवारी २०१५ मध्ये 'स्टीम' या गेमिंग अॅपच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टमधला एक बग गाजला होता. फोल्डरचा पत्ता रिकामा राहिला, की डिलीटची कमांड थेट रूटपासून सुरू व्हायची. युजर्सच्या स्वतःच्या फाइल्स त्यात उडाल्या. ती काही टेस्ट नव्हती, पण धडा तोच: खऱ्या फोल्डरमध्ये साफसफाईचा खेळ नको.

यावरचा साधा उपाय म्हणजे टेम्पररी डिरेक्टरी. पायथॉनच्या 'टेम्पफाइल' मॉड्यूलमध्ये ही सोय ३.२ व्हर्जनपासून आहे. 'विथ' ब्लॉक सुरू झाला की वेगळ्याच नावाचा कोरा फोल्डर तयार होतो आणि ब्लॉक संपला की आतल्या फाइल्ससकट तो जातो, मध्येच एरर आली तरीही.

'पायटेस्ट' वापरताय? मग टेस्ट फंक्शनच्या कंसात 'टीएमपी अंडरस्कोर पाथ' लिहा. प्रत्येक टेस्टला स्वतःचा फोल्डर मिळतो. शिवाय सेटिंग बदललं नसेल तर शेवटच्या तीन रनचे फोल्डर शिल्लक राहतात, त्यामुळे फेल झालेल्या टेस्टने नेमकं काय लिहिलं ते उघडून बघता येतं. जावावाल्यांसाठी 'जेयुनिट ५' मध्ये 'टेम्पडिर' आहेच.

अट एकच. फंक्शनमध्येच डेस्कटॉपचा पत्ता ठोकून बसवला असेल, तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. फाइल कुठे लिहायची, तो फोल्डर फंक्शनला बाहेरून द्या. खरं काम करताना खरा, टेस्टमध्ये टेम्पररी. आणि फाइल तयार झाली एवढ्यावर खूश होऊ नका. ती उघडून आतला मजकूरही तपासा.

सबमिशनआधी एकदा टेस्ट चालवा आणि प्रोजेक्टचा फोल्डर बघा. एखादी नवी फाइल दिसली, तर तुमची टेस्ट अजून घरातच पसारा घालतेय!