कॉलेजात गेल्यावर देव सुटतो का? : भागाचा लिखित मजकूर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या भागाचा मजकूर नेहमीप्रमाणे इथे देतोय. बोलताना झालेले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

हा भाग मी तेलगावात, घरून रेकॉर्ड केला. कारखाना चालू आहे, त्यामुळे ऑडिओत मधूनमधून उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज येईल. तो काढता आला नाही, माफ करा.

विषय सुचला तो काकांच्या फोनवरून. आमचं घर ख्रिस्ती. चुलत बहीण यंदा संभाजीनगरला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. काका म्हणाले, “अरे, ती आता काहीपण विचारायला लागलीय. उत्क्रांती म्हणते, बायबलमधले सहा दिवस म्हणते. रविवारी प्रार्थनेला जात नाही. तू इंजिनिअर आहेस, तुझं ऐकेल. समजाव तिला.” दोन तासांनी तिचाच मेसेज आला : “दादा, पप्पांनी तुला फोन केला ना? मी प्रश्न विचारले की घरात सगळे गप्प होतात. मग मी पण गप्प बसते.”

खरं सांगतो, काकांपेक्षा मला तिच्या मेसेजमधल्या शेवटच्या वाक्याची जास्त भीती वाटली. कारण होस्टेलवर चार वर्षं मीही गप्पच होतो. मित्र विचारायचे, “सायन्सवाला असून चर्चला जातोस?” आणि चर्चमध्ये प्रश्न काढला की उत्तर यायचं, “विश्वास कमी पडतोय, प्रार्थना कर.” दोन्हीकडे एकच सूचना : यातलं एक निवड.

मग मी वाचायला बसलो. कळलं ते असं, की हा वाद आपल्याकडे, मराठीत, जवळजवळ दोनशे वर्षं चालू आहे.

आधी मुंबई, 1839 आणि 1843

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मुंबईत शाळा काढली. तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. 1839 मध्ये तिथल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेलं, पालकांनी मुलं काढून घेतली, शाळा जवळजवळ रिकामी झाली. चार वर्षांनी, 1843 मध्ये, नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. कोर्टाने त्याला घरच्यांच्या ताब्यात दिलं. पण घरी आला तरी जात त्याला परत घेईना. तेव्हा त्याला शुद्ध करून परत घ्यावं म्हणून उभे राहिले बाळशास्त्री जांभेकर, म्हणजे ‘दर्पण’ काढणारे, एल्फिन्स्टनमध्ये शिकवणारे. त्यासाठी त्यांनी स्वतःच्याच समाजाचा रोष ओढवून घेतला.

नारायण शेषाद्री पुढे आपल्या मराठवाड्यात आले. जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाची वसाहत वसवली. त्यांच्याबरोबर ख्रिस्ती झालेले बरेच लोक मांग समाजातले होते.

आता गंमत बघा. 1843 मध्ये आईबापांना भीती होती, की कॉलेज पोराला ख्रिस्ती करेल. आज माझ्या काकांना भीती आहे, की कॉलेज पोरीचं ख्रिस्तीपण काढून घेईल. भीती तीच, फक्त दिशा उलटी. हेही कबूल करायला हवं, की तेव्हाची भीती हवेतली नव्हती. धर्मप्रसार हा मिशनरी शाळांचा उघड हेतू होता. पण श्रीपतच्या गोष्टीत मला दुसरंच दिसतं. सगळे त्याच्यावर हक्क सांगत होते. त्याला स्वतःला काय वाटतं, हा प्रश्न शेवटचा होता.

मग चेल्टनहॅम, 1884 ते 1886

पंडिता रमाबाई आपल्याला माहीत असतात त्या केडगावच्या मुक्ती मिशनमुळे. पण मला त्यांची इंग्लंडमधली वर्षं सगळ्यात महत्त्वाची वाटतात. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई 1883 मध्ये इंग्लंडला गेली. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानाने नीट ऐकू येत नसल्यामुळे ते राहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकायलाही होत्या आणि संस्कृत शिकवायलाही. ऑक्सफर्डने बायकांना पदवी द्यायला 1920 उजाडलं आणि केंब्रिजने 1948, हे लक्षात घेतलं की त्या कॉलेजचं मोल कळतं.

बाप्तिस्मा झाला म्हणजे प्रश्न संपले, असं तिथल्या अनेकांना वाटलं. रमाबाईंचे संपले नाहीत. त्रैक्याचा सिद्धान्त, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्यांच्या बुद्धीला पटेना. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता होत्या. त्यांचं म्हणणं, नव्या माणसाने चर्चचा अधिकार मानावा. रमाबाईंचं म्हणणं, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याचं जोखड मानेवर घ्यायला मी आलेले नाही, माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हवाली करणार नाही. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, इथपर्यंत वाद होता. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना ते अजिबात पटलं नाही.

कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील मात्र वेगळ्या होत्या. त्या स्वतः श्रद्धाळू, पण शंका हे पाप आहे असं मानणाऱ्या नव्हत्या. रमाबाईंशी त्या वाद घालत, लिहीत, ऐकून घेत. हा सगळा पत्रव्यवहार 1977 मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालाय. मिळाला तर जरूर वाचा.

माझ्या कामाच्या भाषेत सांगतो. बग रिपोर्ट लिहिणारा माणूस सिस्टिमचा शत्रू नसतो. त्याला ती चालायला हवी असते, म्हणून तो वेळ काढून लिहितो. जो काहीच न बोलता वापर बंद करतो, तो खरा गेलेला असतो. बीलबाईंनी रिपोर्ट वाचले. जेराल्डिनबाईंनी मायेनेच, पण ते बंद करायला बघितले.

प्रश्नांचं पुढे काय झालं?

रमाबाईंनी श्रद्धा सोडली नाही आणि अभ्यासही सोडला नाही. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. 1893 मध्ये मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून गदारोळ झाला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. म्हणजे बाई दोन्हीकडून अडचणीच्या. चर्चला जास्त प्रश्न विचारणाऱ्या, पुण्याला जास्त ख्रिस्ती.

आणि उतारवयात काय केलं? हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर. संस्कृतची पंडिता, पण भाषा धरली साधी, खेड्यातल्या बाईला कळेल अशी. मुक्तीतल्या बायकांनीच खिळे जुळवून ते छापलं. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई गेल्या, छापील पुस्तक 1924 मध्ये आलं. त्यांच्यासाठी अभ्यास हीच उपासना होती, असं मला वाटतं.

आपल्या शेजारचं उदाहरण हवं असेल तर अहमदनगर कॉलेज घ्या. 1947 मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे या मराठी ख्रिस्ती माणसाने ते सुरू केलं, आणि तिथे सगळ्या धर्मांची पोरं शिकली.

तर मी बहिणीला काय सांगितलं

एक, जीवशास्त्राचा पेपर जीवशास्त्रासारखाच लिही. उत्क्रांती नीट शीक. वाटाण्यांवर प्रयोग करून 1866 मध्ये आनुवंशिकतेचा निबंध छापणारा मेंडेल बारावीला वाचलास ना? तो मठात राहणारा साधू होता, पुढे मठाचा प्रमुख झाला. त्याने मोजणीत देवाला घातलं नाही आणि प्रार्थनेत वाटाणे मोजले नाहीत.

दोन, उत्पत्तीच्या पुस्तकातले सहा दिवस ही प्रयोगवही आहे का, हे त्या मजकुरालाच विचार. तो कुणी, कुणासाठी, कशा प्रकारे लिहिला हे बघ. हाही अभ्यासच आहे.

तीन, शेवटी तुझा विश्वास राहील की जाईल, याची हमी मी देत नाही. ती हमी मागणं म्हणजे तुझा श्रीपत करणं.

काकांना सांगणं जास्त अवघड गेलं. म्हटलं, “काका, पोरगी विचारतेय तोवर ती तुमच्याशी बोलतेय. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, आपण बघू’ एवढंच म्हणा.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ते मेंडेलचं काय म्हणालास, मला लिहून पाठव. तिला रात्री फोन करतो.”

पाठवलंय. भेटू पुढच्या भागात.