बीथोव्हेनचे कान

चित्रकाराची दृष्टि गेली तर त्यानें कुंचला खालीं ठेवावा, हें आपणांस स्वाभाविक वाटतें. मग संगीतकाराचे कान गेले तर त्यानें काय करावें? लुडविग फान बीथोव्हेन याच्या चरित्रांत ह्या प्रश्नाचें उत्तर आहे.

जर्मनींतील बॉन शहरीं १७७० सालीं जन्मलेला हा तरुण १७९२ मध्यें व्हिएन्नास आला. तेथें हायडनपाशीं त्यानें अध्ययन केलें आणि पियानोवादक म्हणून लवकरच नांव मिळविलें. परंतु तिशी गांठण्यापूर्वीच त्याला कमी ऐकूं येऊं लागलें. वैद्यांचे उपाय निष्फळ ठरले. चारचौघांत जाणें तो टाळूं लागला. आपणांस ऐकूं येत नाहीं, हें संगीतकारानें कोणत्या तोंडानें सांगावें? माझेही कान आतां मंद झाले आहेत. न ऐकतांच मान डोलवावी, असा मोह मला रोज होतो. म्हणून ती लाज मी जाणतों.

१८०२ च्या ऑक्टोबरांत, व्हिएन्नाजवळील हायलिगनश्टाट गांवीं, त्यानें आपल्या भावांस उद्देशून एक लेख लिहिला. जीव द्यावा असें मनांत आलें होतें; परंतु अंतरींचें सर्व संगीत प्रकट केल्यावांचून जग सोडवेना, असा त्याचा आशय. तो लेख त्यानें कोणास धाडला नाहीं. १८२७ मध्यें तो वारल्यावर कागदपत्रांत सांपडला.

मग बहिऱ्यानें रचना करावी कशी? आपण पत्र मनांत वाचतों तेव्हां ओठ हलत नाहींत, तरी शब्द उमटतात. पाश्चात्य संगीतांत प्रत्येक वाद्याचे स्वर कागदावर लिहितात. लहानपणापासून स्वर अंगीं मुरलेल्यास तो कागद तसाच ऐकूं येतो. बीथोव्हेन वह्यांत एकेक स्वरावली पुनःपुन्हां खोडून सुधारीत असे. १८१८ पासून भेटीस येणारे आपलें बोलणें वहींत लिहून दाखवीत. तो बहुधा तोंडींच उत्तर देई.

७ मे १८२४ रोजीं व्हिएन्नांत त्याची नववी सिंफनी प्रथम वाजली. तिच्या अखेरीस शिलरच्या आनंदगीताचें समूहगायन आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला, परंतु बीथोव्हेनची पाठ श्रोत्यांकडे होती. गायिका कारोलीन उंगर हिनें त्याला वळविलें, तेव्हां त्याला ते हलणारे हात दिसले, अशी हकीकत सांगतात.

परवां नातवाचा प्रश्न मला ऐकूं आला नाहीं. मान डोलविण्याऐवजीं मी म्हटलें, "बाळ, पुन्हां सांग." तो मोठ्यानें बोलला. लाज वाटली नाहीं.